चिंचोक्यांचा हिशोब

वैजापूरहून काळी-पिवळीत बसलं की अर्ध्या तासात ते गाव यायचं. गावाच्या कडेला शाळा होती, आठवीपर्यंतची. शाळेपुढं रस्ता, शाळेमागं मक्याचं रान आणि मध्ये छातीएवढी दगडी भिंत. शाळेत एक मामा होते. शाळा भरायच्या आधी ते यायचे आणि सगळे गेल्यावर कुलूप लावून जायचे. मधल्या वेळात घंटा, पाणी, झाडलोट.

भिंतीच्या मागची जागा मामा रोज झाडायचे. तिथं पुड्या पडलेल्या असायच्या. एक मसाल्याची, एक तंबाखूची. दोन्ही एकत्र करायच्या, हलवायच्या आणि तोंडात रिकाम्या करायच्या. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, त्यानंतर मामांच्या झाडूला एकीच्या जागी दोन पुड्या लागायला लागल्या, एवढाच फरक पडला.

एकदा हेडसर बोलता बोलता म्हणाले, "मामा, हल्ली पुड्या कमी झाल्यात ना?" मामा म्हणाले, "बघून सांगतो." तेव्हापासून ते मोजायला लागले. दहा पुड्या झाल्या की एक चिंचोका तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की डबा उपडा करायचा, चिंचोके मोजायचे आणि झाडू ठेवायच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं खडूनं तेवढ्या रेघा ओढायच्या. कमी झाल्यात की नाही, हे हेडसरांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मामा मात्र मोजत राहिले.

एका जूनमध्ये शाळेत नवे गुरुजी आले. विज्ञान शिकवायचे. पोरांना आरसा आणि उन्हाचा कवडसा दाखवायचे, बेडकाचा जन्म दाखवायला डबक्यावर न्यायचे. गुरुजी सरळ माणूस होता. दुपारच्या डब्यानंतर तळहातावर चिमूटभर तंबाखू मळायची, चुना लावायचा आणि खिडकीशी उभं राहून दोन मिनिटं रानाकडं बघायचं, एवढीच त्यांची चैन. पुडी संपली की एखादं पोरगं समोरच्या टपरीवर धाडायचं. पोरगं पळत जायचं, पळत यायचं. गुरुजींचं काम आपल्याला मिळालं याचा त्याला आनंद व्हायचा.

२६ जून आला. सकाळी शाहू महाराजांच्या फोटोला हार घातला. मग अमली पदार्थविरोधी दिनाची प्रभातफेरी निघाली. आठवीतला एक मुलगा पुढं होता. त्याचा आवाज खणखणीत होता. "पुडी सोडा!" असं तो म्हणायचा आणि मागून दोनशे पोरं "आरोग्य जोडा!" म्हणायची. घोषणा त्यानंच रचली होती. घोषवाक्य स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला आणि त्याला कंपासपेटी मिळाली.

फेरीनंतर तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांनी सडलेल्या तोंडांची चित्रं आणली होती. एका पुठ्ठ्यावर तऱ्हेतऱ्हेच्या पुड्या चिकटवून आणल्या होत्या. लहान पोरांनी चित्रं बघून डोळे झाकले. मोठ्या पोरांनी पुठ्ठा नीट पाहिला. एक जण शेजारच्याच्या कानात म्हणाला, "ही निळी आपल्या टपरीवर नाही मिळत." मग सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली. गुरुजींनी अहवाल लिहिला. उपस्थिती २१४, शपथ घेतलेले विद्यार्थी २१४. सोबत फोटो जोडले. अहवाल वर गेला आणि वरून अंगठ्याचं चित्र आलं.

त्या शनिवारी गुरुजींना मामा भिंतीमागं उकिडवे बसलेले दिसले.

"मामा, काय निवडताय?"

"पुड्या मोजतोय, गुरुजी."

मामांनी त्यांना खोलीत नेलं आणि दार आतून दाखवलं. मागच्या शनिवारच्या नऊ रेघा होत्या. मामांनी डबा उपडा केला. नऊ चिंचोके निघाले. मामांनी नऊ रेघा ओढल्या आणि हात झटकले.

"शपथ आडवी नाही आली, गुरुजी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पाऊस किती झाला हे सांगावं तसं ते सांगत होते.

गुरुजींना ते लागलं. कार्यक्रम लहान झाला म्हणून असं झालं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. १५ ऑगस्टला त्यांनी पथनाट्य बसवलं. नाटकात एक व्यसनी बाप होता. तो झोकांड्या खात यायचा, घरातली भांडी फेकायचा आणि शेवटी मरायचा. गावातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. सरपंचांनी पाचशे रुपये बक्षीस दिलं. पुढचा आठवडाभर पोरं मधल्या सुट्टीत त्या बापाची नक्कल करत होती, कारण नाटकात गंमत होती ती त्याचीच. शनिवारी दारावर अकरा रेघा पडल्या.

गुरुजी त्यानंतर काही दिवस भिंतीकडं गेले नाहीत.

दिवाळीनंतर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. घोषणा देणारा मुलगा शाळेतली खिचडी खाताना डोळे पुसत होता. खिचडीला तिखट नावापुरतंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं, तर तो भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवून ओठांतून आत सारत होता. गुरुजींनी त्याला पेरू दिला. त्यानं पेरू हातात फिरवला आणि म्हणाला, "घरी खातो सर." त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. तोंड पुरतं उघडेना.

मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेले होते. घरी आजी होती. गुरुजींनी आजीला सांगितलं आणि मुलाला घेऊन वैजापूरला सरकारी दवाखान्यात गेले.

दातांच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी मुलाला म्हटलं, "तुझी तीन बोटं एकावर एक उभी धर आणि तोंडात घाल." निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. मुलाची दोनसुद्धा गेली नाहीत. मॅडमनी गालाच्या आतून बोट फिरवलं. गाल आतून पांढरा पडला होता आणि दोरीसारखा ताठ लागत होता.

"सुपारीनं होतं हे," त्या म्हणाल्या. "तंबाखू त्यात भर घालते. पुडी आजपासून बंद केली तर इथंच थांबेल अशी आशा आहे. पहिल्यासारखं तोंड होईल असा शब्द मी देत नाही. नाही थांबवलं, तर पुढं कॅन्सरची भीती वाढेल." मग त्यांनी मुलाला विचारलं, "तुला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं का रे?"

"सांगितलं होतं," मुलगा म्हणाला आणि उभं राहून धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. कोणता कॅन्सर, किती घातक द्रव्यं, कोणता कायदा, किती दंड. शेवटी हळूच म्हणाला, "घोषणा तर मीच द्यायचो."

"मग?"

मुलगा बराच वेळ जमिनीकडं बघत राहिला. "संध्याकाळी कांद्याच्या चाळीवर गोणी भरायला जातो. मोठी पोरं पुडी फाडतात, सगळ्यांना देतात. नाही म्हटलं की म्हणतात, हा अजून दूधपिता आहे. पुडी वाईट असते हे ठाऊक होतं, मॅडम. त्यांना काय म्हणायचं, ते ठाऊक नव्हतं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मॅडमनी केसपेपर लिहिला. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं कमी झाली होती. त्यांनी गुरुजींना बाकावर बसवलं.

"गुरुजी, तुमच्यासारखंच एका मोठ्या शहरानं करून पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. १९८३ साली तिथल्या पोलिसांनी आणि शाळांनी मिळून एक कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलिस वर्गात यायचा, नशेची माहिती द्यायचा, पोरांकडून वचन घ्यायचा. सगळ्यांना आवडला. आई-बापांना, शाळांना, पुढाऱ्यांना. देशभर गेला. मग केंटकी राज्यातल्या संशोधकांनी काय केलं, सहावीत तो कार्यक्रम झालेली आणि न झालेली अशी हजारभर पोरं लक्षात ठेवली आणि दहा वर्षांनी त्यांना गाठलं. १९९९ मध्ये निकाल छापला. नशापाण्याच्या बाबतीत दोघांत फरक नव्हता. पुढं २००३ मध्ये सरकारच्या तपासनिसांनी असे अभ्यास तपासले, त्यांनाही तेच दिसलं."

"म्हणजे शाळेत काही करूच नये?" गुरुजींनी विचारलं.

"असं कुठं म्हटलं मी? आपल्याकडचंच सांगते. २००४ ते २००६ मध्ये दिल्ली आणि चेन्नईतल्या बत्तीस शाळा घेतल्या होत्या. निम्म्या शाळांत तंबाखूवर दोन वर्षं काम झालं. भाषणं थोडी. पोरांतलीच पोरं पुढारी केली. गटागटानं बसवलं. पुडी कोण देतं, का देतं, नाही कसं म्हणायचं, आपल्या वयाची खरोखर किती पोरं खातात, हे त्यांचं त्यांना काढायला लावलं. दोन वर्षांनी त्या शाळांत तंबाखू खाणारे कमी झाले. ज्या शाळांत काही केलं नव्हतं, तिथं वाढले. एका दिवसाचं काम नाही ते, दोन वर्षांचं आहे."

गुरुजी मान हलवत होते. मॅडम थोडं थांबल्या.

"आणि बिहारमध्ये तर पोरांना हातच लावला नाही. बहात्तर सरकारी शाळा घेतल्या आणि निम्म्या शाळांत मास्तरांचीच तंबाखू सोडवायला बसले. कार्यक्रम संपला तेव्हा तंबाखू खाणाऱ्या शंभर मास्तरांतल्या पन्नासांनी सोडली होती. नऊ महिन्यांनी पाहिलं, तर टिकलेले एकोणीसच होते. पण ज्या शाळांत काही केलं नाही, तिथं सातच सोडलेले होते." मग सहज म्हणावं तसं त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं तोंड दाखवा बघू."

गुरुजींची तीन बोटं तोंडात गेली. पण खालच्या ओठाच्या आत, जिथं ते तंबाखूची गोळी धरायचे, तिथं नखाएवढा पांढरा चट्टा होता. मॅडमनी त्याला बोट लावलं आणि दुसरा केसपेपर काढला.

मुलगा दारात उभा राहून बघत होता.

परतताना काळी-पिवळीत दोघं शेजारी बसले. दोघांच्या खिशात केसपेपर होते. कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मामांच्या खोलीत गेले. दार बंद करून रेघांसमोर उभे राहिले. तेव्हा त्यांना दिसलं की दारावर रेघांच्या दोन रांगा होत्या. डावीकडच्या रांगेवर मामांनी दगड काढले होते. उजवीकडच्या रांगेवर एक चौकट काढली होती, गज असलेली.

"ही कसली, मामा?"

मामांनी कोपऱ्यातून दुसरा डबा काढला. तोही तेलाचाच होता. "ही खिडकीखालची," ते म्हणाले. "स्टाफरूमच्या."

उजवीकडच्या रांगेत दर शनिवारी सहा-सात रेघा होत्या. २६ जूनच्या आठवड्यातही.

"यातल्या माझ्या किती असतील?" गुरुजींनी विचारलं.

"नावं नाही टाकत मी," मामा म्हणाले. "माझ्याबी हायेत त्यात."

गुरुजी तिथून समोरच्या टपरीवर गेले. सोबत सातवीची चार पोरं आणि खो-खोचं मैदान आखायची लांब टेप होती. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. शंभर यार्ड म्हणजे एक्याण्णव मीटर आणि वर थोडं. पोरांनी टेप धरली. टपरी अडतीस मीटरवर भरली.

टपरीत एक आजी बसायची. नवरा गेल्यावर तिनं ती चालवली होती, दोन लेकी तिच्यावरच उजवल्या होत्या. गुरुजींनी कायदा सांगितला. आजीनं ऐकून घेतलं. मग गल्ल्याखालून उधारीची वही काढली आणि त्यांच्यापुढं उघडून धरली. पहिल्या पानावर हेडसर होते. दुसऱ्या पानावर गुरुजी.

"बाबा, तुमची पोरं पहिल्यांदा माझ्याकडं आली ती तुमची पुडी न्यायला," आजी म्हणाली. "चार महिन्यांनी स्वतःचे पैसे घेऊन आली. मी मोजून देते, तू मोजून देतोस. आता टेप कुणाच्या दारात धरायची, ते तू सांग."

टेप धरलेली पोरं टेपकडं बघायला लागली. गुरुजींनी खिसा चाचपला, उधारी भागवली आणि आपलं पान फाडून मागितलं. आजीनं ते दिलं.

त्या शनिवारी स्टाफरूममध्ये सगळे बसले. एक सर म्हणाले, "आपणही शपथ घेऊन टाकू." त्यावर सगळे हसले, मग गप्प झाले. हेडसरांनी एवढंच ठरवलं की आजपासून कुठल्याही पोराला पुडी आणायला धाडायचं नाही आणि ज्याला खायची त्यानं आवाराबाहेर चालत जायचं. दोघांनी आठवड्यात सोडली. एकानं सोडली आणि पुन्हा धरली. गुरुजींचे पहिले दहा दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, पोरांवर खेकसायचे. मामांना सगळ्यात जड गेलं. चाळीस वर्षांची चंची होती. त्यांनी तीत बडीशेप भरली आणि कमरेला तशीच ठेवली. हात सवयीनं तिकडं जायचा, बडीशेप घेऊन परत यायचा.

मग गुरुजी आठवीच्या वर्गात गेले. फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्यांना दोन-दोन चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर लिहायचं, आपल्या वर्गात किती जण पुडी खात असतील. दुसरीवर लिहायचं, मी खातो की नाही. अडतीस पोरं-पोरी होती. पहिल्या चिठ्ठ्या उघडल्या. कुणी वीस लिहिले होते, कुणी पंचवीस. एकानं लिहिलं होतं, "सगळे, मी सोडून." दुसऱ्या चिठ्ठ्या उघडल्या. खाणारे पाच निघाले.

वर्ग गप्प झाला. मग मागून एक जण म्हणाला, "म्हणजे दूधपिते तेहतीस आहेत!" आणि सगळे हसले. घोषणा देणारा मुलगाही हसला, जेवढं तोंड उघडत होतं तेवढं.

पुढच्या तासाला गुरुजींनी कांद्याच्या चाळीचा खेळ मांडला. एकानं मोठा पोरगा व्हायचं, पुडी पुढं करायची. दुसऱ्यानं नाही म्हणायचं. पण "तंबाखू आरोग्यास घातक आहे" असं म्हणायचं नाही, कारण चाळीवर असं कुणी बोलत नाही. पहिली पोरं अडखळली. मग सुचायला लागलं. एक म्हणाला, "तूच खा, कालची माझी उधारी दे आधी." एक म्हणाला, "दात दुखतोय." दुसऱ्यानं काही न बोलता गोणी उचलली आणि चालायला लागला. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "माझ्या भावाला दिलीस तर तुझ्या आईला सांगेन." सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडल्या.

घोषणा देणाऱ्या मुलानं स्वतःहून पुढं येऊन एक गोष्ट दाखवली. डॉक्टर मॅडमनी त्याला कुल्फीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितल्या होत्या. तोंड जेवढं उघडेल तेवढ्या काड्या, आणि जमेल तशी एक-एक वाढवायची. त्यानं वर्गापुढं काड्या दातांत धरल्या. पोरांनी मोजल्या. बारा. पुढं अख्खी शाळा कुल्फी खाल्ली की काडी धुऊन त्याला आणून द्यायला लागली.

संध्याकाळचा प्रश्न तसाच होता. पाचला शाळा सुटायची आणि अंधार पडेपर्यंत पोरांना कुणी विचारत नव्हतं. मामा म्हणाले, "मला तसंबी कुलूप लावायलाच थांबावं लागतं. मैदान मोकळंच असतंय." मग पाच ते सात खो-खो सुरू झाला. गुरुजी शिट्टी वाजवायचे, मामा दिव्याचं बटण दाबायचे. ज्यांना चाळीवर जावं लागायचं, ते जायचेच. पोटाचं होतं. पण दोघं-तिघं मिळून जायला लागले. एकट्याला नाही म्हणायला जड जातं, तिघांना कमी जड जातं.

आजीनं टपरी हलवली नाही. पोरांना पुडी द्यायची मात्र बंद केली. तिनं उकडलेल्या शेंगा आणि चिक्की ठेवायला सुरुवात केली. खो-खोच्या पोरांना भूक लागायची, त्यामुळं शेंगा खपायच्या. ज्याला पुडी हवीच होती, त्याला स्टँडजवळची दुसरी टपरी होती. ती कुणी बंद केली नाही.

दारावरच्या रेघा हळूहळू कमी झाल्या. भिंतीच्या रांगेत आधी आठ, मग सहा. खिडकीच्या रांगेत तर एका महिन्यात दोन. मग निवडणूक आली आणि गुरुजी महिनाभर ड्यूटीवर गेले. खो-खो बंद पडला, खेळ बंद पडला. परत येऊन दार उघडलं, तर भिंतीच्या रेघा पुन्हा आठ होत्या. गुरुजींनी मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "शेतात खुरपं चार दिवस थांबलं तर तण थांबतंय का?" त्या दिवशी पाचला शिट्टी वाजली.

पुन्हा २६ जून आला. शाहू महाराजांना हार घातला. फेरी निघाली, लहानशी. तो मुलगा आता नववीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेला होता, पण त्या दिवशी मुद्दाम आला. घोषणा त्यानं दिली नाही. तो पाचवीच्या वर्गात बसला आणि त्यानं काड्या दातांत धरून दाखवल्या. सोळा बसल्या. पोरांनी विचारलं, "अजून किती बसायला पाहिजेत?" तो म्हणाला, "तुमच्या तोंडात मोजून बघा." पोरांनी मोजून पाहिलं आणि त्यांचं त्यांना कळलं.

शनिवारी अहवालाचा कागद आला. रकाने मागच्या वर्षीचेच होते. कार्यक्रमाचं नाव, दिनांक, उपस्थिती, शपथ घेतलेले विद्यार्थी, फोटो. गुरुजी कागद घेऊन मामांच्या खोलीत गेले. मामांनी दोन्ही डबे उपडे केले. भिंतीचे तीन चिंचोके निघाले. खिडकीचा एक.

"हा एक कुणाचा असेल?" गुरुजी म्हणाले.

"नावं नाही टाकत मी," मामा म्हणाले आणि चंचीतली बडीशेप त्यांच्यापुढं केली.

शाळेतल्या कार्यक्रमांनी मुलं नशेपासून दूर राहतात का, असा प्रश्न विचारला जातो. त्या शाळेत दोन तऱ्हेचे कार्यक्रम झाले. पहिल्यात मुलांना पुडीबद्दल सगळं सांगितलं गेलं. ते सगळं मुलांना पाठ झालं आणि पुड्या काही कमी झाल्या नाहीत. दुसऱ्यात मुलांना थोडंच सांगितलं. मोठ्यांनी आपली पुडी आधी खाली ठेवली, नाही म्हणायचा सराव करून घेतला, रिकाम्या संध्याकाळी सोबत दिली आणि हे रोज केलं. तरी तीन चिंचोके उरलेच. लेकराला वाचवणारी गोष्ट एका दिवसात होत नाही आणि एकदाच करून भागत नाही. म्हणून जे करतो त्याचा उपयोग होतोय का, हे दर शनिवारी मोजून बघावं लागतं. मोजताना दोन्ही डबे उपडे करावे लागतात. मुलांचा आणि आपला.

गुरुजींनी पट्टी घेतली. 'शपथ घेतलेले विद्यार्थी' या रकान्याच्या पुढं थोडी कोरी जागा होती. तिथं त्यांनी पेन्सिलीनं दोन नवे रकाने आखले. एकावर 'भिंत' लिहिलं, दुसऱ्यावर 'खिडकी'. मग आकडे भरले आणि कागद वर पाठवून दिला. या वेळी वरून अंगठ्याचं चित्र आलं नाही. फोन आला. हे नवे रकाने कसले, असं पलीकडचा माणूस विचारत होता.

"वेळ असेल तर सांगतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या शनिवारपासून सुरुवात केली.